झाडी लिहून टाक

आधीच सांगतो, चूक माझी आहे. गोबनेट खोटं बोलली हे खरं, पण ती एकदाच बोलली. मी तेच खोटं दीड वर्ष सांगत फिरलो, आणि तेही छाती फुगवून.

मी पेट्रोल पंपावरच्या दुकानात काम करतो. सकाळी सहा ते दुपारी दोन. लांब पाव कापायचा, आत सॉसेज, बेकन, अंडं भरायचं, सॉस लाल हवा की ब्राऊन ते विचारायचं. दुपारनंतर मी जागांच्या नावांचे अर्थ शोधतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. शाळेत आयरिशमध्ये मी जेमतेम पास. एकोणिसाव्या वर्षी पाय मोडला, चार महिने घरात पडून होतो, तेव्हा फोनवर जुने नकाशे बघायला लागलो आणि नाद लागला.

आमच्याकडची नावं सगळी मुळात आयरिशमधली. मग इंग्रज नकाशेवाले आले, त्यांना भाषा येत नव्हती. कानावर जे पडलं ते त्यांनी आपल्या स्पेलिंगमध्ये कोंबलं. आता पाटीवर जे दिसतं त्याला तसा काहीच अर्थ नाही. वरचा रंग खरवडला की खाली अर्थ सापडतो. कुठे बैलांचं कुरण, कुठे कुणा डोनलचं टेकाड. मला ते खरवडणं आवडतं. नेटवर एक पान काढलं. लोक नाव पाठवायचे, मी अर्थ सांगायचो. अमेरिकेतले जास्त, त्यांना आजोबा कुठल्या शेतातून उठून गेले ते हवं असतं. दुकानात मला प्रोफेसर म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण मला आवडायचं. खरं तर फार आवडायचं.

कॉलीन आली ती ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी. दुकानात ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी होती.

"प्रोफेसर, तुझं गिऱ्हाईक!" असुम्ता ओरडली. असुम्ता म्हणजे दुकानाची मालकीण. "यांक आहे, अमेरिकेतली. बूट बघ, कोरे करकरीत."

साठी ओलांडलेली बाई. पावसाळी जाकीट, गळ्यात चष्मा. "फिनबार तूच ना? मी तुला मेल केला होता. कॉलीन नोवाक, बोस्टन."

"कॉलीन?" असुम्ता गल्ल्यावरून म्हणाली. "अगं बाई, त्याचा अर्थ नुसती 'पोरगी'. आमच्याकडे कुणी पोरीचं नाव पोरगी ठेवत नाही."

"आईने नाही ठेवलं, बाबांनी ठेवलं. ते इटालियन. त्यांना वाटलं आयरिश बायको खूश होईल. आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही."

सगळे हसले, तीही हसली. मग मी अ‍ॅप्रन काढून तिच्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसलो आणि तिने हसणं थांबवून सगळं सांगितलं.

तिची आई हॅना लेहेन आमच्याच परगण्यातली. त्रेपन्न साली, विशीत असताना बोस्टनला गेली, परत कधी आली नाही. आदल्या वर्षी वारली. शेवटच्या आठवड्यात दोनदा एकच वाक्य बोलली. "मी एक मुलगा किलीनला ठेवून आले." दोनदा, अगदी स्पष्ट. पुढे काही नाही.

"मला भाऊ आहे, फिनबार," कॉलीन म्हणाली. "माझ्याआधीचा. कुणाच्या तरी घरी वाढलेला. आता सत्तरीचा असेल. मला मूल नाही, नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, बाबांकडचं कुणी उरलं नाही. त्याच्याशिवाय माझं रक्ताचं कुणीच नाही. मला तो सापडायला हवा. बाकी काही नको."

मी म्हणालो, "सापडेल."

का म्हणालो मी तसं? मला काय माहीत होतं?

किलीन नावाच्या जागा आयर्लंडभर आहेत, मोजायला बसलात तर कंटाळाल. पण एक अगदी जवळ होती आणि ती मला नकाशावरून ठाऊक होती. हॅनाचं घर जिथे होतं, त्याच्या शेजारी गोबनेट टूमीचं घर. आणि गोबनेटच्या मागच्या शेताचं नाव किलीन. मी कॉलीनला गाडीत घातलं आणि तिथेच नेलं.

गोबनेट तेव्हा एकोणनव्वद वर्षांची होती. एकटी राहायची, एक कुत्रा, आठ मेंढ्या. घरात अजून आयरिश बोलायची, पण घरात बोलायला फक्त कुत्राच होता.

"हे कोण आणलंस?"

"हॅना लेहेनची मुलगी आहे, गोबनेट. बोस्टनची."

तिने किटली खाली ठेवली. कॉलीनच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "नाक हॅनाचं आहे," म्हणाली. "बस, पोरी. दार लाव, वारा आत घेऊ नकोस."

सोडा घातलेला ब्राऊन ब्रेड आला, त्यावर बोटभर लोणी. चहा असा काळा की चमचा उभा राहील. मी फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं.

"ते काय?"

"तुमचं बोलणं जपलं जाईल, गोबनेट."

"माझं बोलणं कशाला जपायचं? मलाच ते पुरत नाही."

कॉलीनने तिला हॅनाबद्दल विचारलं. गोबनेटने सांगितलं. हॅना सुरेख गायची. हॅना दूध काढताना गाईला शिव्या द्यायची. एकदा दोघी सायकलवरून नाचाला गेल्या आणि सायकल ओढ्यात घातली. कॉलीन डोळे पुसत हसत होती. मग तिने विचारलं, "तिला मुलगा झाला होता का? इथे असताना?"

गोबनेटने तिच्या बशीत आणखी एक तुकडा ठेवला. "खा गं. वाळलीयस."

मला वाटलं म्हातारीला ऐकू आलं नाही. मी मध्ये घुसलो. "गोबनेट, मागच्या शेताला किलीन म्हणतात ना?"

"म्हणतात."

आता इथे थोडं सांगायला हवं. किलीनचे दोन अर्थ निघतात. 'छोटी झाडी' किंवा 'छोटं चर्च'. आयरिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. झाडीचा क जिभेच्या मागून येतो, ऐकायला 'क्विलीन'सारखा. दुसऱ्याचा क टाळूला चिकटून, 'क्यिलीन'. फरक एवढासाच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही सारखेच. आणि मी सगळं स्पेलिंगमधूनच शिकलेला.

"मग ते झाडी की चर्च?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फोनकडे. मग कॉलीनकडे.

"झाडी," म्हणाली. "झाडी लिहून टाक."

"पण तिथे झाडं नाहीत. कोपऱ्यात नुसती काटेरी झुडुपं."

"असतील पूर्वी. त्या शेतात कुणाचं घर कधी नव्हतं, पोरा. तिथे कुणी पोर वाढलेलं नाही. हे मी तुला शपथेवर सांगते."

"त्या कोपऱ्यात नांगर का नाही घालत?"

"दगड फार."

तेवढ्यात बाहेर मेंढ्या ओरडल्या. ती दारात जाऊन कुत्र्यावर आयरिशमध्ये खेकसली, मेंढी मागच्या शेतात घुसली होती. परत येऊन बसली आणि पुन्हा हॅनाच्या गाण्याबद्दल बोलायला लागली.

परतताना मी कॉलीनला गाडीत समजावलं, अगदी मास्तरासारखं. "हे किलीन नाही. इथे नुसती झाडी होती, वस्ती नव्हती. आपल्याला दुसरं किलीन हवं, जिथे लोक राहतात." ती म्हणाली, "तू किती छान समजावतोस." ते मी रात्रभर मनात घोळवलं.

पुढे दीड वर्ष. एकेका परगण्याला पत्रं, फोन. त्या काळात लग्नाआधी झालेली पोरं लांब नेऊन शेतकऱ्यांकडे ठेवायचे, त्यासाठी घराला थोडे पैसे मिळायचे आणि घराला फुकटचा गडी मिळायचा. मी असा मुलगा शोधत होतो. बावन्न सालचा, किलीन नावाच्या जागी ठेवलेला, आईबापाचा पत्ता नसलेला.

आणि सापडला! टिपेरारी परगण्यात. थेडी क्वर्क. सत्तर पूर्ण, लग्न नाही. चार वर्षांचा असताना तिथल्या किलीनमधल्या एका घरी आणून सोडलेला. आईचं नाव कागदावर नाही. क्वर्क हे त्या घराचं आडनाव.

मी त्याला फोन केला, त्याने माझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "चुकीचा नंबर लागलाय तुला."

"नाही, मिस्टर क्वर्क. तुम्हाला बहीण असू शकते."

"मला कोण बहीण असणार," म्हणाला. पण फोन ठेवला नाही.

कॉलीन मार्चमध्ये आली. मीच तिला घेऊन गेलो, दीड तासाचा रस्ता. थेडीने दाढी करताना हनुवटी कापून घेतली होती, त्यावर कागदाचा कपटा चिकटलेला. शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. घरात खुर्च्या तीन, त्यातली एक शेजारून आणलेली. हॅम, उकडलेली अंडी, दुकानातला केक. कॉलीन त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आईसारख्या भुवया आहेत." मला काही दिसलं नाही, पण मी म्हणालो, "हो की!"

"हॅना गायची म्हणे," थेडी हळूच म्हणाला. "मीही गातो. गोठ्यात. गाईंना चालतं."

डीएनए तपासणीसाठी दोघांनी नळीत थुंकी दिली. थेडी नळी धरून म्हणाला, "सत्तर वर्षांत कुणी माझी थुंकी मागितली नव्हती." आम्ही खूप हसलो. निकालाला सहा आठवडे लागणार होते. कॉलीन तेवढे दिवस त्याच्या घराजवळ खोली घेऊन राहिली. दोघं बाजाराला जायचे. तिने त्याला टोपी घेतली, त्याने तिला बूट, चिखलात चालायचे. तो तिला सगळ्यांना दाखवायचा. "ही माझी बहीण, बोस्टनची. नाव पोरगी आहे, पण हसू नका."

आणि मी काय केलं? निकाल यायच्या आधीच त्यांचा फोटो पानावर टाकला. 'सत्तर वर्षांनी भाऊ-बहीण भेटले.' पाच हजार लोकांनी तो पुढे पाठवला. दुकानात असुम्ताने केक कापला. कुणीतरी मला रेडिओवर बोलायला बोलावलं, मी गेलो. रेडिओवर मी किलीनचा अर्थ सांगितला. छोटी झाडी. दोनदा सांगितला.

निकाल आला. दोघांचं काही जुळत नव्हतं. काहीच नाही. मी आणि थेडी जेवढे भाऊ, तेवढीच ती दोघं.

कॉलीन मला फोनवर म्हणाली, "फोटो काढून टाक." एवढंच. ती त्या आठवड्यात परत गेली. थेडीने मला फोन केला. "मशीन चुकत असेल का रे? कधीकधी?"

"नाही चुकत, थेडी."

"बरं," म्हणाला. "मी आपला विचारलं."

त्यानंतर मी गोबनेटकडे गेलो. का गेलो सांगता येत नाही. कुणाला तरी सांगायचं होतं बहुतेक. मेच्या सुरुवातीची दुपार. ती खिडकीजवळ बसली होती, चहा मलाच करायला सांगितला. तिच्या डोळ्यांचं मधलं सगळं गेलं होतं, कडेकडेचं थोडं दिसायचं. मी तिला सगळं सांगितलं. थेडीचा नवा शर्ट, टोपी, मशीन चुकत असेल का.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तो शब्द म्हण बरं."

"कुठला?"

"मागच्या शेताचा. आयरिशमध्ये म्हण."

"क्विलीन," मी म्हणालो.

"रेडिओवर पण असंच म्हणालास. मी ऐकलं. पुन्हा म्हण, जीभ पुढे आण."

"क्यिलीन?"

"हां."

मी कप खाली ठेवला.

"बोलणं साठवायच्या त्या तुझ्या मशीनमध्ये आहे," ती म्हणाली. "कुत्र्यावर ओरडले ना मी, त्या दिवशी? कुत्र्याशी खोटं कोण बोलतं? क्यिलीनमधून मेंढी काढ म्हणाले. तुला ऐकू आलं नाही. तुझे कान पुस्तकातले."

क्यिलीन म्हणजे छोटं चर्च, हे मला पाठ होतं. पण लोकांच्या तोंडी त्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तोही मी कुठेतरी वाचला होता. जी पोरं जन्मतःच रडली नाहीत, ज्यांचा बाप्तिस्मा झाला नाही, त्यांना चर्चच्या आवारात जागा नसायची. बाप किंवा भाऊ त्यांना अंधार पडल्यावर एखाद्या कोपऱ्यात नेऊन पुरायचा. त्या कोपऱ्याला म्हणतात क्यिलीन. त्याबद्दल कुणी बोलत नाही. नांगर तिथे घालत नाहीत.

मी एक मुलगा किलीनला ठेवून आले. हॅनाने सगळं सांगितलं होतं. शब्दातच सांगितलं होतं. शब्दांचे अर्थ सांगणारा मी!

"तुम्ही तिला का नाही सांगितलं, गोबनेट?" माझा आवाज चढला असेल. "दीड वर्ष ती भाऊ शोधत होती. तो म्हातारा बिचारा..."

"आवाज कुणावर चढवतोस? हॅनाने जाताना माझ्याकडून शब्द घेतला होता. आणि ती पोर जिवंत भाऊ मागायला आली होती, रे. माझा ब्रेड खात होती. तिच्या ताटात मी दगड कुठून वाढू? समोर तुझं मशीन." तिने कप बाजूला सारला. "आणि तू विचारलंस तरी कसं? झाडी की चर्च. दोनच दारं ठेवलीस. मला दोन्हींतून जायचं नव्हतं, म्हणून त्यातलं जवळचं घेतलं."

"तिथे घर नव्हतं, पोर वाढलं नाही, शपथेवर सांगते म्हणालात."

"मग? खोटं आहे ते?"

नव्हतं. शब्दन् शब्द खरा होता.

"तिथे माझंही आहे एक," ती म्हणाली. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, जिथून तिला आता काही दिसत नव्हतं. "पंचावन्न सालचं. मुलगी. माझा नवरा टिम साबणाच्या खोक्यात घेऊन गेला, मला उठू दिलं नाही. नंतर सांगितलं, हॅनाच्या पोराच्या शेजारीच ठेवलीय, सोबत राहील. हे मी मशीनसमोर बोलायचं होतं? यांकसमोर? टिमसमोरसुद्धा मी पुन्हा बोलले नाही."

मी गाडीत बसून ते रेकॉर्डिंग लावलं. अठ्ठेचाळीस मिनिटांचं. एकतिसाव्या मिनिटाला दाराचा आवाज, मग गोबनेट. क्यिलीन. स्पष्ट. आता मला तो क कुठेही ओळखता येईल, आता काय उपयोग.

कॉलीनला फोनवर सांगायला मला तीन दिवस लागले. सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तिच्या घरामागे?"

"हो."

"तू गाडी लावली होतीस, त्या भिंतीला लागून?"

"हो."

जूनमध्ये ती आली. तिच्या पायात थेडीने दिलेले बूट होते, ते मी बघितलं. गोबनेट दारात काठी घेऊन तयार उभी होती, डोक्याला रुमाल बांधून, चर्चला निघाल्यासारखी. दोघी शेतात गेल्या. मी फाटकाशी थांबलो. मला कुणी ये म्हटलं नाही.

कोपऱ्यात झुडपांखाली दगड आहेत, वीतभर उंचीचे, जमिनीत रोवलेले. तीसेक असतील. कुणावर नाव नाही. अर्धे पांढरे आहेत, गारगोटीचे. गोबनेट वाकून एकेक दगड हाताने चाचपत होती.

"पांढरा होता हॅनाचा. माझा करडा. करड्याला वरून टवका गेलेला." ती पुढे सरकली. "हा... नाही. थांब. हा असेल."

"हा पांढरा आहे," कॉलीन म्हणाली. "त्याच्या शेजारचाही पांढरा आहे."

"मग नाही. पलीकडचे बघ. टवका कुठे आहे?"

"सगळ्यांवर शेवाळ आहे, गोबनेट."

म्हातारी गुडघ्यावर बसली. दोन्ही हातांनी शेवाळ खरवडायला लागली. कॉलीनही बसली, तिच्या शेजारी. काटे हाताला लागत होते. किती वेळ गेला मला माहीत नाही. मेंढ्या आल्या, बघून गेल्या.

"खिडकीतून मला रोज दिसायचा," गोबनेट म्हणाली. तिला धाप लागली होती. "साठ-सत्तर वर्षं रोज बघितलाय. कुठला ते सांगून नाही कळत, बघूनच कळतं. पोरी, डोळे असताना मी बोट ठेवलं असतं. आंधळ्यासारखं नाही, असं, थेट."

"डोळे होते तेव्हा मी तुमच्या टेबलाशी चहा पीत होते," कॉलीन म्हणाली.

ती ओरडली नाही. साधं बोलली, म्हणून मला जास्त लागलं. गोबनेटने मान हलवली. मग कॉलीनने तिला हाताला धरून उठवलं, गुडघ्यावरची माती झटकली आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या, त्या सगळ्या दगडांकडे तोंड करून, कुठल्याही एकाकडे नाही.

विमानतळाच्या बसपर्यंत मी तिला सोडलं. गाडीत ती बाहेर बघत होती. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "थेडीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"तो दर रविवारी फोन करतो. मी उचलत नाही. काय बोलू? तो म्हणतो फक्त हवा कशी आहे ते विचारायचं होतं." मग बस आली. "तू सांग त्याला," म्हणाली. "तूच आणलंस त्याला."

तिने हात मिळवला. 'थँक यू' म्हणाली, सवयीने.

पान मी बंद केलं. दुकानात आता कुणी प्रोफेसर म्हणत नाही. असुम्ताने सगळ्यांना दम दिलाय बहुतेक. ते चिडवायचे तेव्हा बरं होतं.

पुढच्या रविवारी मी टिपेरारीला गेलो. थेडी अंगणात बादल्या धूत होता. टोपी घातली होती, तीच. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. किलीनचा खरा अर्थ, गोबनेट, दगड, शेवाळ. माफी मागितली. मागून काय होतं, पण मागितली.

तो बादल्या पालथ्या घालत राहिला. एक, दोन, तीन. मग हात पँटला पुसले.

"म्हणजे कुठला ते कळलंच नाही शेवटी?"

"नाही."

"तीसेक दगड म्हणतोस."

"तेवढे असतील."

"आणि आंधळी म्हातारी हाताने चाचपतेय. आणि तू फाटकाशी." तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, कोड्यात पडल्यासारखा. "माझी नजर चांगली आहे रे. अजून चष्मा नाही. दगडाचं काम मी आयुष्यभर केलंय, भिंती रचल्यात. शेवाळाखालचा टवका मला बोटांना कळतो. मला बोलवलं असतंस तर आलो असतो. दीड तासाचा तर रस्ता आहे."

मी म्हणालो, "सुचलं नाही, थेडी."

"हो," तो म्हणाला. "तिलाही नसेल सुचलं."

आणि चहा ठेवायला आत गेला.